घरापर्यंत जाणाऱ्या गोष्टी

सध्या मला कुणी ‘काय बघू, काय वाचू’ असं विचारलं की मी चार नावं सांगते आणि मग समोरच्याने थांबवेपर्यंत बोलत राहते. ‘साबर बोंडं’, ‘कोर्ट’ आणि ‘द डिसायपल’ हे तीन सिनेमे, आणि लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. यातला एक अगदी नवा, दोन थोडे मागचे, आणि पुस्तक तर नव्वद वर्षांपूर्वीचं. पाठोपाठ पाहण्या-वाचण्यात आले म्हणूनही असेल, पण त्यांच्यातलं एक साम्य मला फार जाणवलं. माणूस चारचौघांत जिथे वावरतो तिथे या गोष्टी थांबत नाहीत. कामाची वेळ संपली, मैफल उठली, पाहुणे पांगले, की त्या माणसाच्या मागोमाग त्याच्या घरी जातात आणि तिथे जे काही चाललं असेल ते बघत बसतात.

आता घर तर सगळ्याच सिनेमांत असतं. पण बहुतेक ठिकाणी ते माणसाची बाजू मांडायला येतं. वाईट माणूस संध्याकाळी लेकराला कडेवर घेतो, आणि आपण त्याला निम्मं माफ करून टाकतो. या चार ठिकाणी तशी सवलत कुणालाच मिळत नाही. घर बघितल्यावर माणूस कळतो, जवळचा वाटतो, त्याच्या ताटातली भाजीसुद्धा ओळखीची असते. आणि तरी त्याने बाहेर जे केलं त्याचं ओझं तिळभर कमी होत नाही. मला या गोष्टी एवढ्या का आवडल्या, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे.

‘कोर्ट’पासून सुरुवात करते. चैतन्य ताम्हाणे यांचा हा सिनेमा थिएटरात आला २०१५ साली. त्याआधी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचं कौतुक झालं होतं आणि राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळही मिळालं होतं. तेव्हा मी तो खटल्याचा सिनेमा म्हणून पाहिला. नारायण कांबळे हे वयस्कर लोकशाहीर. त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, असा त्यांच्यावर आरोप. आरोप इतका विचित्र आहे की पहिल्यांदा बघताना सगळं लक्ष त्यातच अडकून राहतं. यंदा पुन्हा पाहिला तेव्हा मी सरकारी वकील नूतनकडे बघत राहिले.

गीतांजली कुलकर्णींनी ही नूतन अशी काही उभी केली आहे की ती भूमिका आहे हे विसरायला होतं. दिवसा ती कोर्टात उभी राहून कलमं वाचते, एका सुरात, श्वास घ्यायला थांबते तेवढीच. संध्याकाळी लोकलच्या लेडीज डब्यात शेजारच्या बाईशी साडीबद्दल बोलते, मधुमेहाच्या पथ्याबद्दल बोलते. मुलाला पाळणाघरातून घेते. घरी येऊन स्वयंपाकाला लागते, सगळ्यांना वाढते. टीव्ही चालू असतो. कॅमेरा जागचा हलत नाही, मागे संगीत वाजत नाही, आणि ती दमली आहे हे कुणी आपल्याला सांगत नाही. नोकरी करून घर चालवणाऱ्या ज्या बायकांमध्ये मी वाढले, त्यांच्या संध्याकाळी अशाच असायच्या. मला तिच्याबद्दल माया वाटली, आणि ती अजूनही वाटते.

आणि हीच नूतन सहकाऱ्यांशी गप्पा मारताना अगदी सहज म्हणून जाते, की रोज तीच तोंडं बघायची, त्यापेक्षा द्यावीत वीस वर्षं आणि मोकळं व्हावं. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नाही. पडून राहिलेलं एखादं काम हातावेगळं करायचं असावं, तसा सूर आहे. तिची संध्याकाळ बघितली नसती तर मी तिला निर्दयी म्हणून बाजूला सारलं असतं आणि माझी सुटका झाली असती. संध्याकाळ बघितल्यामुळे ते जमत नाही. पोळ्या लाटणारे हात आणि एका म्हाताऱ्या माणसाला वीस वर्षं आत घालायला निघालेलं तोंड एकाच बाईचं आहे, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी कधी सामनाच होत नाही. मला ‘कोर्ट’ सगळ्यात भयंकर वाटतो तो इथे.

मृत कामगाराच्या बायकोची साक्ष मी इथे मुद्दाम सांगते, कारण सिनेमा आठवला की मला आधी तीच आठवते. नवरा गटारात उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. आतल्या वायूने त्याचा एक डोळा गेलेला होता. वास सहन व्हावा म्हणून तो आधी दारू प्यायचा. हे सगळं ती बाई वकिलाने विचारलं तेवढंच सांगते, आवाज न चढवता. संरक्षक साधनं न देता माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरवणारा कायदा २०१३ साली झाला, आणि तरी अशा मृत्यूंच्या बातम्या आजही पेपरात येतात. नंतर बचावाचे वकील विनय व्होरा तिला गाडीतून सोडायला जातात. ते पैसे देऊ करतात, तर ती काम मिळेल का विचारते. त्या गाडीत दोन घरांमधलं अंतर मावलेलं आहे. व्होरांचंही घर आपण बघितलेलं असतं: सुपरमार्केटमधून आणलेलं चीज-वाइन, जॅझ, लग्नासाठी मागे लागलेले आईवडील. चांगला माणूस आहे. त्याच्या चांगुलपणाला एक वर्ग आहे, आणि सिनेमा तेही लपवत नाही.

माझे मामा कोर्टात बेलिफ होते, समन्स-नोटिसा बजावणारे. मी त्यांना हा सिनेमा दाखवला. ते मध्ये काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, “पुकारा असाच होतो. तारीखही अशीच पडते. कुणाचा राग नसतो गं त्यात.” हे त्यांनी कोर्टाच्या बाजूने म्हटलं की विरुद्ध, हे मी विचारलं नाही. मला ते सिनेमाचं सगळ्यात अचूक परीक्षण वाटलं.

एक प्रसंग मात्र मला खटकतो. नूतन कुटुंबासोबत नाटकाला जाते, नाटकात परप्रांतीयांची टिंगल चालते आणि प्रेक्षागृह हसतं. एवढ्या संयमाने चाललेल्या सिनेमात इथे बोट जरा जास्तच रोखलेलं आहे. आपल्याकडे असं घडतं, त्यात शंका नाही. पण तिच्या स्वयंपाकघराने जे आधीच सांगून झालं आहे ते पुन्हा मोठ्याने सांगितल्यासारखं होतं. शेवटाबद्दल लोकांचा उलटा आक्षेप असतो. सुट्टी लागते, कोर्ट रिकामं होतं, दिवे मालवले जातात, आणि सिनेमा न्यायाधीशांबरोबर एका रिसॉर्टवर सहलीला जातो. तिथे ते एका नातेवाइकाच्या न बोलणाऱ्या मुलासाठी अंकशास्त्र आणि अंगठीतला खडा सुचवतात. ‘खटल्याचं काय झालं?’ असं मला तिघाचौघांनी तरी विचारलं. माझ्या मते खटल्याचं जे होणार ते आपल्याला त्या रिसॉर्टवरच कळतं.

‘द डिसायपल’ही ताम्हाण्यांचाच. २०२० साली व्हेनिसला त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. शरद नेरुळकर हा तरुण गायक, जीव ओतून रियाज करणारा, आणि तरी ज्याच्या गळ्यातून ते येत नाही असा. आदित्य मोडक स्वतः गातात, गुरुजींच्या भूमिकेतले अरुण द्रविड हे तर जयपूर-अत्रौली घराण्याचे ज्येष्ठ गायक. त्यामुळे गाणं कुठेही ओठ हलवल्यासारखं वाटत नाही. तालीम चालू आहे, शरद तान घेतो, गुरुजी अर्ध्यात थांबवतात, पुन्हा म्हणायला लावतात, पुन्हा थांबवतात. मी गाणं शिकलेली नाही, पण घरात मैफलींच्या कॅसेटी वाजत मोठी झाले. त्या कॅसेटींमध्ये फक्त जमलेलं गाणं असतं. न जमलेलं गाणं इतक्या जवळून, इतका वेळ, मी पहिल्यांदाच ऐकलं.

इथे घरापर्यंतची वाट म्हणजे रात्रीचे रस्ते. शरद मोटारसायकलवरून रिकाम्या मुंबईतून जात असतो, कानात माईंच्या जुन्या व्याख्यानांचं रेकॉर्डिंग. माई म्हणजे गुरुजींच्या गुरू. त्या कधी पडद्यावर येत नाहीत. साधना, एकांत, लोकांसाठी न गाणं, असं बरंच काही त्या सांगतात. दृश्य संथ झालेलं असतं आणि तानपुरा चालू असतो. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. ‘दोघी’, ‘देवराई’, ‘कासव’ अशा सिनेमांच्या त्या दिग्दर्शिका. सिनेमा नेटफ्लिक्सवर यायच्या काही दिवस आधी, १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या. ‘कोर्ट’मधले शाहीर म्हणजे नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक वीरा साथीदार, तेही त्याच महिन्यात करोनाने गेले. मला हे माहीत झाल्यापासून दोन्ही सिनेमे वेगळे ऐकू येतात. एक आवाज माणसाने सगळ्यांतून उठून एकटं व्हावं म्हणून सांगणारा, दुसरा सगळ्यांमध्ये उभं राहून गाणारा.

या सिनेमातला माझ्या मते सगळ्यात धाडसी प्रसंग एका संग्राहकाबरोबरचा. हा गृहस्थ जुन्या गवयांची दुर्मिळ रेकॉर्डिंग्ज जमवतो. त्याच्या बोलण्यात रसही आहे आणि विषही. तो शरदला माईंबद्दल आणि गुरुजींबद्दल ऐकू नयेत अशा गोष्टी सांगायला लागतो. खऱ्या की खोट्या, सिनेमा सांगत नाही. शरद ग्लासातलं पाणी त्याच्या तोंडावर फेकतो. पहिल्यांदा पाहताना मला ती गुरुभक्ती वाटली होती. आता वाटतं, त्याला माईंच्या घरी जायचंच नाही. त्याला त्या रात्रीच्या रस्त्यावर, त्या आवाजातच हव्या आहेत, कारण त्यांचं घर दिसलं तर त्याने त्या आवाजाच्या भरवशावर घालवलेली वर्षं कुठे ठेवायची? आणि तोच शरद गुरुजींच्या घरी मात्र रोज जातो. त्यांच्या पायांना तेल लावतो, त्यांच्या दुखण्याचा खर्च बघतो. गुरूचं म्हातारपण त्याला चालतं. गुरूचा क्षुद्रपणा चालणार नाही. मला हा भेद फार खरा वाटला. आपल्याकडे संगीतात, अध्यात्मात, आणि राजकारणातसुद्धा भक्त असेच असतात.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा भाग मात्र मला या सिनेमात कच्चा वाटतो. साधी मुलगी, मग झगमगाट, मग तिचं बदललेलं गाणं. हे आपण बघून बसलो आहोत आणि शरदची शोकांतिका त्यावर अवलंबूनही नाही. टीव्ही नसता तरी त्याच्या गळ्याचं तेच झालं असतं.

‘साबर बोंडं’ मी थिएटरात पाहिला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो लागला तेव्हा. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिलाच मोठा सिनेमा आणि २०२५ च्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी चित्रपटांच्या विभागातला मोठा पुरस्कार मिळाला. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. तिथे त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या शेळ्या राखतो. दोघांमध्ये जुनी ओढ आहे आणि ती हळूहळू पुन्हा वर येते. दिग्दर्शकाला ही गोष्ट स्वतःच्या वडिलांच्या निधनानंतरच्या दिवसांतून सुचली.

सुतकाचे ते दहा दिवस ज्यांनी गावी काढले आहेत त्यांना हा सिनेमा वेगळा सांगावा लागणार नाही. पायात चप्पल नाही. हे चालत नाही, ते करायचं नाही, आणि नियम सांगायला प्रत्येक नातेवाईक तयार. घर माणसांनी भरलेलं आणि करायला काम काही नाही. मग बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं: पोराचं लग्न कधी? मला या सिनेमाचं मोठेपण इथे वाटतं की त्याने हे घर जुलमी म्हणून रंगवलं नाही. त्याच ओसरीवर आनंदची घुसमट होते आणि त्याच ओसरीवर त्याला सांभाळलंही जातं. त्याच्या आईला सगळं माहीत आहे. जयश्री जगताप यांनी ही आई केली आहे. त्यांच्या चेहऱ्यावर समजूतदारपणाचा आव कुठेही नाही. ती बाई नवऱ्याच्या दुःखात आहे, पाहुण्यांची उस्तवार करते आहे, आणि त्यातच लेकाला कुणी टोचू नये म्हणून मध्ये उभी राहते आहे. मुलाला समजून घेणं हे तिच्या दिवसभराच्या कामांपैकीच एक काम आहे.

पार्श्वसंगीत अजिबात नाही. शेळ्या, पाखरं, भांडी, लांबून येणारं बोलणं. बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची बोंडं आणतो. त्या फळाला बारीक कुसळं असतात, बोटात गेली तर दिवसभर सलत राहतात, आणि ती काढल्याशिवाय खाता येत नाही. दुसऱ्याने काढून दिलेलं बोंड म्हणजे काय, हे माळावर हिंडलेल्या कुठल्याही माणसाला कळेल. प्रेमाचं इतकं नेमकं दृश्य मी मराठी पडद्यावर फार वर्षांत पाहिलं नव्हतं. आमच्या खेळाला थोडेच लोक होते. हा सिनेमा गावोगावच्या पडद्यांवर महिनाभर चालायला हवा होता असं मला मनापासून वाटतं, कारण त्यातली माणसं गावोगाव आहेत.

आता ‘स्मृतिचित्रे’. शाळेच्या पुस्तकात त्यातला एखादा गमतीचा उतारा आपण सगळ्यांनी वाचलेला असतो, आणि तेवढ्यावर बहुतेकांचं वाचन थांबतं. माझंही फार वर्षं तेवढंच होतं. सलग वाचलं ते आत्ता. चार भाग, १९३४ ते १९३६ या काळात छापलेले. आणि माझं ठाम मत झालं आहे की मराठीत घराच्या आतून लिहिलेलं याच्या तोडीचं दुसरं पुस्तक नाही.

बाहेरचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. नारायण वामन टिळक, कवी, विद्वान, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. महाराष्ट्रभर खळबळ उडाली. इतिहासाच्या पुस्तकात हे एका वाक्यात संपतं. लक्ष्मीबाई तिथून सुरुवात करतात जिथे ही बातमी एका सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या बाईच्या पदरात पडते. लहान मुलगा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातेवाइकांचा धाक आणि नातेवाइकांचाच आधार. काही वर्षं वेगळं राहून ती परत नवऱ्याकडे गेली, पण स्वतःचं सोवळं घेऊन. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून तिने बदलला नाही. तिचा जातीवरचा विश्वास तिने स्वतः विचार करून सोडला, तिच्या वेळेला, आणि त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. हा प्रवास सांगताना ती एकदाही उंच जागेवर चढून बोलत नाही.

सोवळ्याची ही गाठ कुठली, ते पुस्तकाच्या सुरुवातीलाच येतं. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर घरातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने झपाटलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही. त्यापायी बायकामुलांचे हाल. ती हे हसवत सांगते, वाचताना हसू येतंही, आणि पान उलटल्यावर लक्षात येतं की आपण एका घाबरलेल्या घरात बसलो आहोत. एका माणसाच्या मनाला बसलेली भीती सबंध घराने रोज विहिरीवर धुवायची. जालियनवाला, फाळणी यांच्याबद्दल लिहिताना आज आपण मोठे मोठे शब्द वापरतो. या बाईने तेच दुखणं हंड्या-कळशांत दाखवून दिलं आहे.

आणि टिळक! लोकांसाठी संतपणाला पोचलेला हा माणूस घरात किती अवघड होता हे तिने इतक्या मोकळेपणाने लिहिलं आहे की मी चकित झाले. राग आला की आला, लगेच पश्चात्ताप. न सांगता निघून जाणं. हातात पैसा आला की तो कुणाला तरी देऊन टाकणं, आणि चुलीकडे बघायचं ते लक्ष्मीबाईंनी. ती तक्रार करते, वाद घालते, टोमणे मारते, त्यांच्यावर जीव टाकते. यातलं काहीही दुसऱ्यासाठी दडवत नाही. नूतनचं घर बघून मला जे वाटलं, त्याच्या उलट्या बाजूने हे आहे. टिळकांचं घर बघितल्यावर त्यांचं मोठेपण खोटं ठरत नाही. त्याची किंमत मात्र कळते, आणि ती कुणी मोजली तेही. शरदला ज्या घराची भीती वाटली, ते घर या बाईने दार सताड उघडून दाखवलं. भक्तीला त्याने काही इजा झालेली मला तरी दिसली नाही.

त्याच घरात पुढे नगरला बालकवी येऊन राहिले. आपल्याला ते हिरव्या-निळ्या कवितांमधून माहीत. लक्ष्मीबाईंना ते ठोंबरे म्हणून माहीत: पोरासारखा हट्टी, जपावा लागणारा मुलगा. तिचं वाचून मी ‘औदुंबर’ पुन्हा वाचली, आणि त्या पाण्यात पाय टाकून बसलेल्याला प्रथमच चेहरा मिळाला.

टिळक १९१९ साली गेले. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचं महाकाव्य त्यांनी सुरू केलं होतं, पण दहा-अकरा अध्यायांच्या पुढे ते गेलं नव्हतं. शाळेत कधी न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पन्नाशी उलटल्यावर ते हातात घेतलं आणि पुढचे साठाहून अधिक अध्याय स्वतः लिहिले. आता मला ते मिळवून वाचायचं आहे. त्यांच्या ओव्या कुठे संपतात आणि हिच्या कुठे सुरू होतात, हे नुसतं कानाने ओळखता येतं का ते बघायचं आहे. माझा अंदाज आहे की येईल. हिच्या ओवीत भांडी वाजतील.